वेगळे ताट, एकच पंगत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी बोलण्यास आमच्याहून अधिकारी मंडळी या सभागृहात बसलेली आहेत. म्हणून आम्ही एक घरगुती विषय घेतला आहे. ज्या मुलाला एखादा साधा अन्नपदार्थ विषासारखा बाधतो, त्याला आईबापांनी नातलगांच्या हाती कसे सोपवावे, आणि नातलगांनी तो विश्वास कसा मिळवावा, हा तो विषय. यात आम्ही उपदेशकाच्या नव्हे, तर चुकलेल्या माणसाच्या भूमिकेतून बोलत आहोत, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आमची एक नात पुण्यास असते. तिचा जन्म २०१८ सालचा. ती चौदा महिन्यांची असताना कोणीतरी कौतुकाने दाण्याच्या चटणीचे बोट तिच्या जिभेला लावले. पाच-दहा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि श्वासाला घरघर लागली. डॉक्टर जवळ होते म्हणून निभावले. पुढे तपासण्या होऊन शेंगदाणा आणि काजू हे दोन पदार्थ तिला कायमचे वर्ज्य ठरले. हे सारे आम्हांला दूरध्वनीवरून कळले. आणि खरे सांगावयाचे तर ते आम्हांला पुरतेपणी पटले नाही. शेंगदाण्याने का कोणी मरते, असेच आमच्या घरातील सर्वांना मनातून वाटत होते.

मध्यंतरीची दोन वर्षे महासाथीत गेली. २०२२ च्या मे महिन्यात नात प्रथमच जबलपुरास आली. सूनबाईने आल्याबरोबर दोन पानांची यादी आमच्या सौभाग्यवतींच्या हाती दिली. काय द्यावयाचे नाही, कोणती भांडी वेगळी ठेवावयाची, बाहेरचे काय आणावयाचे नाही, असे सारे तीत लिहिले होते. ज्या बाईने तीन मुले वाढविली तिला नातीला काय भरवावे याची यादी मिळावी, याचे घरात सर्वांनाच थोडे वैषम्य वाटले. परंतु यादी भिंतीवर लागली आणि दाण्याचा डबा वरच्या फळीवर गेला.

तिसऱ्या दिवशी एकादशी होती. आमच्या धाकट्या भगिनी त्या वेळी आमच्याकडे होत्या. त्यांनी खिचडीसाठी मिक्सरमध्ये दाण्याचे कूट केले, भांडे पाण्याने विसळले आणि त्याच भांड्यात नातीसाठी ओल्या नारळाची चटणी वाटली. चटणीत दाणा एकही घातलेला नव्हता. पण दोन घासांत मुलगी खोकू लागली, तिला उलटी झाली आणि ती एकाएकी मलूल झाली. सूनबाईने पिशवीतील इंजेक्शन काढून तिच्या मांडीत टोचले, आणि आम्ही रुग्णालय गाठले. ती रात्र आम्ही सर्वांनी तेथल्या बाकावर काढली. आमच्या भगिनी सारख्या म्हणत होत्या, "दादा, मी दाणा नाही रे घातला." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते, आणि म्हणूनच ते भयंकर होते.

मुलगी दुसऱ्या दिवशी हसतखेळत घरी आली. त्यानंतर दोनच दिवसांनी सूनबाई तिला घेऊन पुण्यास परतली. निघताना ती सासूला एवढेच म्हणाली, "आई, तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण भांडं मायेनं स्वच्छ होत नाही."

हे वाक्य आमच्या जिव्हारी लागले. पुढे शांतपणे विचार केल्यावर त्यात अपमान नाही, केवळ वस्तुस्थिती आहे, हे आमच्या ध्यानी आले. मग आम्ही या विषयाचे थोडे वाचन केले.

हा विकार म्हणजे आधुनिक आईबापांचे खूळ नव्हे. फ्रान्समधील शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या शास्त्रज्ञांनी १९०१-०२ च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग केले. समुद्रातील एका प्राण्याचे विष कुत्र्याला एकदा टोचले, तेव्हा तो तगला. पण काही आठवड्यांनी त्याहून पुष्कळ कमी मात्रा टोचताच तो थोड्याच वेळात मेला. या प्रकाराला त्यांनी 'ॲनाफिलॅक्सिस' हे नाव दिले, आणि त्या कार्याबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ फॉन पिर्के यांनी घडविला. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजते, आणि तो पुन्हा भेटताच सर्व शक्तीनिशी तुटून पडते. मागच्या वेळी थोडेसेच झाले म्हणून या वेळीही थोडेसेच होईल, असा भरवसा येथे धरता येत नाही.

मग आपल्या पिढीला हे ठाऊक का नव्हते? याचे एक कारण असे की, आपल्याकडे हा विकार विरळा आहे. युरोप आणि आशियातील काही देशांत शाळकरी मुलांची जी पाहणी झाली, तीत दक्षिण भारतातील प्रमाण ०.१४ टक्के, म्हणजे हजारांत एकदोन मुले, असे आढळले. ज्याने आयुष्यात असे एकही मूल पाहिले नाही, त्याने शंका घ्यावी हे स्वाभाविकच आहे. परंतु ते हजारातले एक मूल आपल्याच घरी जन्मले, तर त्या घरापुरते प्रमाण शंभर टक्के असते.

आमच्या भगिनींचे आणखी एक म्हणणे होते. "लहानपणापासून थोडे थोडे दिले असते तर सवय झाली असती." गंमत अशी की, या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. लंडनचे डॉ. गिडिअन लॅक आणि त्यांचे सहकारी यांनी ६४० तान्ह्या मुलांवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना हा विकार जडण्याचा संभव मोठा होता, त्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले असता, पुढे विकार होण्याचे प्रमाण सुमारे चार पंचमांशांनी घटले. म्हणजे आजीचे बोट चाटविणे अगदीच अडाणीपणाचे नव्हते. पण हा उपाय विकार जडण्यापूर्वीचा आहे. एकदा तो जडल्यावर घरी 'थोडे देऊन पाहणे' म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळ. पुढची चिकित्सा तज्ज्ञ डॉक्टरांनी आपल्या देखरेखीखाली करावयाची असते. ती स्वयंपाकघरात करावयाची नसते.

आता विश्वासाविषयी. आमची सारी नोकरी खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात झाली. या सभागृहातील अनेकांची किंवा त्यांच्या वडिलांची तशीच झाली असेल. तेथे दारू भरण्याच्या विभागात शिरण्यापूर्वी खिशातली आगपेटी आणि विडी फाटकावरच काढून ठेवावी लागे, पायांतले जोडे बदलावे लागत. तीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाचीही झडती होई. आपल्यावर अविश्वास दाखविला असे कोणाला कधी वाटले नाही. कारण ती झडती माणसाच्या सचोटीची नव्हती, त्याच्या खिशाची होती. मग स्वतःच्या स्वयंपाकघरात सुनेने नियम सांगताच आम्हांला तो अपमान का वाटावा? कारखान्याच्या दारात जे शहाणपण आम्ही रोज पाळले, ते घराच्या उंबऱ्याशी विसरलो, एवढेच त्याचे उत्तर आहे.

दुसरे असे की, जी गोष्ट आम्हांला परकी वाटली तिच्यासाठी आपल्या भाषेत फार जुना शब्द आहे. तो म्हणजे 'खरकटे'. उष्ट्या हाताने लोणच्याच्या बरणीला शिवू नये, एका भांड्याची पळी दुसऱ्यात घालू नये, हे आमच्या आईने आम्हांला अक्षरओळखीपूर्वी शिकविले होते. सौभाग्यवतींनी एके दिवशी हे सूत्र पकडले. त्या म्हणाल्या, "म्हणजे दाणा हे खरकटं समजायचं. मग मला यादी कशाला हवी?" त्या क्षणापासून आमच्या घरातील अडचण निम्मी सुटली. दाण्याचा हात लागलेली पळी, पोळपाट, मिक्सरचे भांडे, ओट्यावरचे फडके, हे सारे साबणाने धुतल्याखेरीज तिच्या अन्नाला लागावयाचे नाही. तिच्यासाठी एक कढई, एक पळी आणि मिक्सरचे एक भांडे लाल दोरा बांधून वेगळे ठेवले.

२०२३ साली दिवाळीला आम्ही उभयता पुण्यास गेलो, आणि तेथल्या डॉक्टरांकडे सूनबाईबरोबर जाऊन बसलो. त्यांनी जे सांगितले ते येथे थोडक्यात सांगतो, कारण ते प्रत्येक आजी-आजोबांनी ऐकावे असे आहे. अंगावर गांधी उठून त्यासोबत श्वास लागणे, आवाज बसणे, वारंवार उलट्या किंवा ग्लानी यांपैकी काही दिसले, की पहिले औषध ॲड्रिनॅलिन, गोळी नव्हे. खाज शमविणाऱ्या गोळीने श्वासनलिका उघडत नाही. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूस, स्नायूत द्यावयाचे. त्याची मात्रा मुलाच्या वजनावर, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम या हिशेबाने, डॉक्टर आधीच लिहून देतात. मुलाला आडवे निजवावे; श्वास फारच लागत असेल तर बसवावे; चालवू मात्र नये. उतार पडला तरी रुग्णालयात न्यावेच, कारण काही तासांनी हा झटका पुन्हा उलटू शकतो. आम्ही रिकाम्या सुईने नागपुरी संत्र्यावर सराव केला. आमचे हात म्हातारपणाने कापतात. पण दहा-बारा संत्री झाल्यावर हातांना वळण लागले.

२०२४ च्या मे महिन्यात, नात सहा वर्षांची होत आली असता, आईवडिलांना कामानिमित्त परगावी जावे लागणार होते. सूनबाईने स्वतःहून विचारले, "बाबा, हिला आठ दिवस तुमच्याकडे ठेवू का?" बंधुभगिनींनो, आम्हांला आयुष्यात काही बढत्या मिळाल्या, निवृत्तीच्या वेळी शाल-श्रीफळही मिळाले, पण या प्रश्नाएवढा मान आम्हांला दुसऱ्या कशात वाटला नाही. त्या आठ दिवसांत इंजेक्शनची पिशवी दाराच्या खुंटीवर होती, १०८ हा क्रमांक भिंतीवर लिहिलेला होता, आणि मेडिकलच्या रस्त्याला कोणत्या वेळी किती मिनिटे लागतात हे आम्ही स्वतः जाऊन पाहून ठेवले होते. यांपैकी कशाचीही गरज पडली नाही. आमच्या भगिनीही त्या दिवसांत आल्या होत्या. मुलीला घास भरविण्यापूर्वी त्या आपले हात साबणाने दोनदा धूत आणि मग तिला विचारीत, "बघ ग, चालेल ना?" मुलगी गंभीरपणे वास घेई आणि मान डोलवी.

एक सावधगिरी मात्र आम्ही येथे मुद्दाम सांगू इच्छितो. आपल्या समाजात सोवळ्याओवळ्याने भांड्यांबरोबर माणसेही दूर ठेवली. ते पाप पुन्हा होता कामा नये. मुलाचे ताट वेगळे असावे, पंगत मात्र वेगळी नसावी. आमच्याकडे नात असते तितके दिवस घरात सर्वांच्याच खिचडीत कूट नसते. ओले खोबरे असते. पहिल्या दिवशी कुरकुर झाली, चौथ्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहिले नाही. शेंगदाणा तरी कोठे आपला मूळचा? तो दक्षिण अमेरिकेतून आला. त्याच्यावाचून एकादशी अडेल, असे मानण्याचे कारण नाही.

शेवटी मंडळापाशी एक मागणे. कोजागरीच्या मसाला दुधात काजू-बदाम असतात, संक्रांतीला आपण तीळ देतो, गणेशोत्सवात प्रसादाचे लाडू वाटतो. इंग्लंडमधील नताशा एडनन-लॅपरूस ही पंधरा वर्षांची मुलगी २०१६ साली पावात मिसळलेल्या तिळाने दगावली. वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांच्या प्रयत्नाने तेथे कायदा झाला आणि तो ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. आपल्या देशातही २०२० च्या नियमांनी वेष्टित खाद्यपदार्थांवर शेंगदाणा, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, गहू इत्यादींचा उल्लेख आवश्यक केला आहे. पण प्रसादाच्या पुडीवर काय आहे हे आपणच सांगावयास हवे. प्रसादाच्या टेबलावर एक पाटी असावी आणि तीत कोणकोणते पदार्थ आहेत ते लिहावे. तसेच, कोणाच्याही मुलाच्या हातावर त्याच्या आईला विचारल्याखेरीज काही ठेवू नये. एवढे दोन नियम मंडळाने केले, तर सुवर्णमहोत्सवाचे ते एक चांगले स्मारक होईल.

आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज नोकरी-चाकरीनिमित्त नर्मदेच्या काठी आले. सख्खे नातलग दूर राहिले, आणि अडीअडचणीला मूल सांभाळावयास शेजारची मावशी, मंडळातली काकू धावून आली. अशा विश्वासावरच हे मंडळ पन्नास वर्षे उभे आहे. तो विश्वास काळानुसार नव्या गोष्टी शिकून घेण्याने टिकतो, एवढेच आम्ही आमच्या चुकीतून शिकलो. आमच्या नातीने यंदाच्या कोजागरीला यावे आणि आपल्या सर्वांच्या पंगतीत बसावे, अशी आमची इच्छा आहे. पाटी लागली, तर सूनबाई तिला पाठवील, असा आम्हांला भरवसा वाटतो.