आमचा आल्प्स बालाघाटात

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय दिलाय 'चितेगाव ते पंढरपूर सायकल सहल'. अनेकांना ही सहल व्हॉट्सअॅपवरच्या फोटोंमुळे माहीत आहे. पण आम्ही नेमकं त्याच वर्षी का निघालो, ते फोटोत नाही. म्हणून उभा राहिलो.

सुरुवात आपल्याच गणपतीत झाली. बी विंगमधल्या ताईंचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. तो सुट्टीवर आला होता आणि त्याने पडद्यावर मित्रांसोबत केलेल्या आल्प्सच्या सायकल सफरीचे फोटो दाखवले. इटलीतला स्टेल्व्हिओ घाट, उंची २७५७ मीटर, एका बाजूने चढताना ४८ नागमोडी वळणं, प्रत्येक वळणावर नंबराचा दगड. बर्फाच्या भिंती, खाली दरी. आपण सगळे आ वासून बघत होतो. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या गोळा करता करता मामा म्हणाले, "आमच्या गावाकडंबी घाट हाय की. पालखीचा. तो कोण चढणार?"

मामा म्हणजे सी विंग, तळमजला. नव्या लोकांनी त्यांना पाहिलं नसेल. आपले संस्थापक सभासद. चितेगाव-बिडकीन रस्त्यावर सकाळच्या पाळीला सायकलींची रांग लागायची तो काळ ज्यांनी पाहिलाय, त्यांना सांगायला नको. आपल्या सोसायटीतले निम्मे सभासद त्या रांगेतलेच. कंपनीत कामाला लागले, भिशी आणि कर्ज जमवून इथे घर घेतलं. पुढे एकदा मोठी कंपनी बंद पडली आणि रांग तुटली. कुणी रिक्षा घेतली, कुणी वाळूजला गेलं. मामा रात्रपाळीचे सुरक्षारक्षक झाले. तीन वर्षं ओढलं. मग कोरोना आला.

इथे एक गोष्ट रेकॉर्डवर यावी म्हणून सांगतो, कारण स्मरणिका त्यासाठीच असते. तेव्हाच्या उपविधीप्रमाणे थकलेल्या मेंटेनन्सवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येत होतं. त्या काळात आपल्या अकरा घरांची थकबाकी होती. सर्वसाधारण सभेत बरीच गरमागरमी झाली, आवाज चढले, आणि शेवटी ठराव झाला की व्याज लावायचं नाही, मुद्दल जमेल तसं द्यावं. त्या अकरापैकी एकानेही मुद्दल बुडवलं नाही. मामांनी तर फ्लॅट विकला तेव्हा व्यवहाराच्या आधी सगळी बाकी भरून पावती घेतली आणि मगच ना-हरकत दाखल्याचा अर्ज दिला.

हो, फ्लॅट विकला. २०२१ च्या दिवाळीनंतर सौदा झाला. मामा पाटोदा तालुक्यातल्या आपल्या गावी जाणार होते, शेती बघायला. ताबा द्यायचा होता ३१ डिसेंबरला. तेव्हा आमच्या डोक्यात आलं की घाट चढायचा तर आत्ताच, मामा इथले सभासद आहेत तोवर.

आम्ही सहाजण. मामा वय ६१, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या ताई, निवृत्त मास्तर, मेडिकलवाले भाऊ, आयटीआय शिकणारा आमच्यातला सर्वात लहान पोरगा, आणि मी. चौघांकडे गिअरच्या सायकली. मास्तरांनी नातवाची घेतलेली. मामांची मात्र तीच बावीस इंची काळी अॅटलास, जिच्यावर त्यांनी सगळी नोकरी केली. त्या अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो दिवस होता ३ जून २०२०, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिन! मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "कारखाना बंद पडला म्हणून सायकल थोडीच बंद पडती?"

वाट ठरवायला वेळ लागला नाही. पैठणहून नाथांची पालखी शेकडो वर्षं ज्या भागातून जाते तीच. पालखीला पंढरीला पोहोचायला अठरा-एकोणीस दिवस लागतात, आम्ही चार दिवस धरले. इथून पैठण तीसेक किलोमीटर आणि पुढे पंढरपूर, सगळं मिळून पावणेतीनशेच्या आसपास. नियम एकच ठेवला. तो ताईंनी मांडला. शाळेची सहल नेताना त्या सर्वात हळू चालणाऱ्या मुलाला सर्वात पुढे ठेवतात. तसंच करायचं. मामा पुढे, बाकीचे मागे. कुणी त्यांना ओलांडायचं नाही.

पहाटे गेटवरून निघालो. पैठणला नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं. त्या वर्षी पाऊस चांगला झालेला, नाथसागर भरलेला. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेलं आणि १९७६ मध्ये पूर्ण झालेलं हे धरण. आपल्या नळाला येणारं पाणी आणि कंपन्यांना लागणारं पाणी इथलंच. मास्तर म्हणाले, नाथांचे पणजोबा भानुदास यांनी हंपीहून विठ्ठलाची मूर्ती पंढरीला परत आणली अशी परंपरा आहे. म्हणजे पैठण-पंढरपूर हे नातं नाथांच्याही आधीचं. गोदावरी ओलांडली आणि हदगाव, लाडजळगाव करत संध्याकाळी शिरूर कासारला टेकलो.

त्या भागात एक गोष्ट मनात राहिली. गावंच्या गावं अर्धी रिकामी. दाराला कुलूप, ओट्यावर म्हातारी माणसं आणि बारकी पोरं. कर्ती माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली, ती उन्हाळ्याच्या तोंडाला येणार. मामा म्हणाले, "मीबी असाच गेल्तो. फरक इतकाच, मी तीस वर्षांनी परत चाललो."

दुसऱ्या दिवशी रायमोहच्या पुढे चढ सुरू झाला. आमचा आल्प्स. उंचीला म्हणाल तर हजार मीटरच्या आतच, स्टेल्व्हिओच्या निम्मासुद्धा नाही. पण या बालाघाटाला कमी लेखू नका. इथे पडलेला पाऊस उत्तरेला वळला तर गोदावरीला जातो, दक्षिणेला वळला तर सीनेतून भीमेला. मांजरा नदी उगवते ती याच पाटोदा तालुक्यात. आणि बिनगिअरच्या सायकलवर, पाठीमागे पिशवी बांधून, ऊन डोक्यावर असताना चढ हा चढच असतो. तो किती मीटरचा, हे मांड्यांना कळत नाही.

अर्ध्या चढावर खटकन आवाज झाला. मामांचं पायडल फिरतंय, चाक काही फिरत नाही. फ्रीव्हील गेलं. आमच्याकडे पंक्चरचं सामान होतं, पंप होता, जादा ट्यूब होती, फ्रीव्हील कोण बरोबर घेऊन फिरतं? मामा सायकल कडेला लावून म्हणाले, "तुम्ही व्हा म्होरं. मी येतो एसटीनं."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. कारण डिसेंबर २०२१! एसटीचा संप चालू होता. दीड महिना झाला, लालपरी डेपोतच उभी. मामा पण हसले. पण नंतर ते दगडावर बसले आणि हळूच म्हणाले, "माझ्यापायी तुमचं अडू नये. तसंबी मी आता तुमच्यातला राहिलो नाही."

यावर काय बोलायचं? कुणाला सुचलं नाही. ताई सायकलवरून उतरल्या आणि हातात धरून चालायला लागल्या. मग मास्तर. मग आम्ही सगळे. मामांना उठावंच लागलं, कारण नियमाप्रमाणे पुढे त्यांनी राहायचं होतं. सहा सायकली ढकलत आम्ही तो घाट पायी चढलो. वर आल्यावर उतार लागला, तिथे गिअरवाल्यांना सुसाट जाता आलं असतं. पोराचे हात शिवशिवत होते, पण तोही ब्रेक दाबत मामांच्या मागे राहिला.

पाटोद्यात सायकलचं दुकान सापडलं. दुकानदाराने धुळीच्या डब्यातून जुन्या मापाचं फ्रीव्हील काढलं, बसवून दिलं आणि फक्त वस्तूचे पैसे घेतले. "पंढरीला निघालात ना, मजुरी नको," म्हणाला. मामांच्या गावात पोहोचायला रात्रीचे नऊ वाजले. मामांची आई, नव्वदीच्या घरातली, कंदील घेऊन अंगणात उभी. आम्हा सहाजणांना बघून म्हणाली, "एसटीचा संप मिटंना म्हणून सायकलीवर आले का रं?" बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. असं जेवण मी कुठल्याच हॉटेलात जेवलो नाही. रात्री मामांनी टॉर्च घेऊन विहीर दाखवली, बांध दाखवला, नवी खोली बांधायची जागा दाखवली. मी त्यांच्याकडे बघत होतो. इथे चितेगावात तीन वर्षांत ते इतकं बोलले नव्हते.

तिसरा दिवस लांबचा होता. खर्डा लागलं, जिथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली. मग परांड्याचा किल्ला. विजापूरची ती अवाढव्य मुलूख-ए-मैदान तोफ आधी याच किल्ल्यावर होती, हे मास्तरांनी सांगितलं तेव्हा पोराने फोन काढून तपासून पाहिलं. हल्लीची पोरं! चौथ्या दिवशी कुर्डू, मग सावता माळ्यांचं अरण, मग करकंब. उसाचे ट्रॅक्टर शेजारून धडधडत जायचे आणि आम्ही कडेला थांबायचो.

दुपारी चारच्या सुमारास चंद्रभागेचा पूल दिसला. पलीकडे पंढरपूर. आणि मामा थांबले. आम्हाला वाटलं दमले. ते कठड्याशी सायकल लावून बसले आणि म्हणाले, "थांबा जरा. ह्यो पूल वलांडला की संपलं."

आम्ही थांबलो. वीस-पंचवीस मिनिटं. भाऊंनी शेंगदाण्याच्या चिक्कीचा शेवटचा पुडा फोडला. मामा कंपनीतल्या पहिल्या पगाराबद्दल बोलले, सोसायटीच्या पहिल्या टँकरबद्दल बोलले, बोअरला पाणी लागलं त्या रात्री आपण सगळे कसे भिजलो होतो, ते बोलले. मग स्वतःच उठले, टांग मारली आणि म्हणाले, "चला." एकामागे एक सहा सायकली पूल ओलांडून गेल्या. सायकली एका धर्मशाळेत लावून आम्ही नामदेव पायरीशी गेलो आणि माथा टेकला. येताना सायकली टेम्पोत टाकल्या. ३१ डिसेंबरला मामांनी किल्ल्या दिल्या.

मी घरी आल्यावर सायकलवाल्यांबद्दल वाचायला लागलो. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून सहा तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. १९२८ च्या मार्चमध्ये परत आले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. सुमारे ७१ हजार किलोमीटर. २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी ४८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. ही मोठी माणसं, त्यांना नमस्कारच. आमचे पावणेतीनशे किलोमीटर त्यांच्यापुढे काहीच नाहीत. पण सहा निघाले आणि सहा पोहोचले, एवढं आम्ही सांगू शकतो.

लोक मला विचारतात, मामांना अडवलं का नाही? अडवून काय केलं असतं? आपल्याकडे त्यांना द्यायला नोकरी नव्हती. माणूस जातो तेव्हा त्याला गेटपाशी हात हलवून निरोप देता येतो, किंवा त्याच्या घरापर्यंत सोबत जाता येतं. आपण सोबत गेलो. आता मामांची खोली बांधून झालीय, विहिरीवर मोटर आहे, आणि यंदाच्या उन्हाळ्यात आपल्या सोसायटीतली चार घरं आंबे खायला तिकडे जाऊन आली. तिसऱ्या रांगेत पांढऱ्या टोपीत बसलेत ते मामाच. काल संध्याकाळी आले. नाही, सायकलवर नाही, एसटीने! संप मिटलाय.

शेवटची एक सूचना. पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या सायकली मी मोजल्या, सतरा आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही गेटवरून पैठणला जातो, नाश्ता करून दहापर्यंत परत. गिअरची पाहिजे असं नाही. फक्त ब्रेक आणि हवा बघून या. आणि जो सर्वात हळू चालवतो, त्याने पुढे राहायचं.