एका प्याद्याची किंमत

हौशी खेळाडूंच्या बुद्धिबळ स्पर्धेत कुणी चौथ्याच चालीला प्यादे देऊ केले, की बघणारे जाणकार त्याला उतावळा ठरवून मोकळे होतात. मला हा निवाडा मान्य नाही. इव्हान्स गँबिट ही प्यादे देऊ करणारी सुरुवातच घ्या. विल्यम डेव्हिस इव्हान्स या वेल्सच्या जहाजी कप्तानाने १८२०च्या दशकात तो शोधला. म्हणजे शोधणाराही हौशीच. दोन्ही बाजूंचे उंट सी-४ आणि सी-५ वर आले, की पांढरा बी-४ वर प्यादे सरकवतो. काळ्याचा उंट ते मारतो, आणि सी-३ वर आलेले दुसरे प्यादे त्याला लगेच हुसकावते. उंटाची आणखी एक चाल खर्ची पडते, तोवर पांढऱ्याची डी-४ ची तयारी झालेली असते. प्यादे देऊन वेळ आणि पटाचा मध्य घेण्याचा हा रोखठोक व्यवहार आहे. १८५२ साली बर्लिनमध्ये ब्रेस्लाऊचे गणितशिक्षक अडोल्फ अँडरसन यांनी ड्युफ्रेनविरुद्ध हाच गँबिट खेळला. ड्युफ्रेनना शेवटपर्यंत कॅसलिंगची सवड मिळाली नाही. अँडरसननी वजीरही दिला आणि २४व्या चालीला मात केली. काळ्याला याहून चांगला बचाव होता, हे पुढे विश्लेषकांनी दाखवले. पण तो बचाव पटासमोर बसून सापडायला हवा होता, आणि माझा सारा भर इथेच आहे.

यावर म्हणतात, आता संगणक बचाव पढवतो. शिवाय इमॅन्युएल लास्करने मिळालेले प्यादे वेळीच परत करून हल्ल्याची धार काढण्याचा मार्ग कधीच दाखवून ठेवला आहे. खरे आहे. पण तसा बचाव झाला, तरी पांढऱ्याचा डाव हातचा जात नाही, बराचसा बरोबरीवर येतो. नुसता सापळा आणि गँबिट यांत हाच फरक: सापळा ओळखला गेला की मांडणाराच अडचणीत येतो. आणि नुसते पाठांतर किती पुरते? १९९५ साली रीगा इथे कास्पारोव्हने आनंदविरुद्ध हाच जुना गँबिट काढला आणि २५ चालींत डाव जिंकला. जिथे आनंदसारखा खेळाडू अडचणीत येतो, तिथे घड्याळाकडे बघत खेळणाऱ्या हौशी खेळाडूचे काय होत असेल? एक आक्षेप मात्र मी मानतो. हल्ला ओसरल्यावर एक प्यादे कमी असताना चिवटपणे लढता येत नसेल, तर हा व्यवहार महागात पडतो. म्हणून अशा अंतिम अवस्थांचा सराव आधी करा, आणि पुढच्या स्पर्धेत पांढरे मोहरे वाट्याला आले, तर बी-४ खेळून पाहा.