मृदुतेचा मार्ग

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील अनेक मुले-मुली आज कराटे, ज्यूदो, तायक्वांदो यांच्या वर्गांना जातात. मुले त्यामुळे भांडखोर होतील काय, आणि मुलींना या विद्येचा उपयोग काय, असे दोन प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारतात. त्यांचे उत्तर ज्यूदोच्या जन्मकथेत आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून तीच आज थोडक्यात निवेदन करतो.

शस्त्रावाचून प्रतिपक्ष्यास नमविण्याच्या 'जुजुत्सु' या विद्येची जपानात अनेक घराणी होती. १८६८ साली तेथे राज्यक्रांती झाली; पुढे सामुराईंचे अधिकार गेले आणि १८७६ मध्ये तलवार बाळगण्यासही बंदी झाली. नव्या सुधारणांच्या लाटेत ही जुनी विद्या टाकाऊ ठरली. गुरूंना शिष्य मिळेनात. अशा काळात जिगोरो कानो हा अंगाने किरकोळ विद्यार्थी, शाळेतील दांडग्या मुलांच्या जाचाने त्रासून, गुरूच्या शोधास लागला. १८७७ साली फुकुदा हाचिनोसुके यांनी त्याला शिष्य म्हणून पत्करले.

१८८२ साली कानोंनी टोकियोतील एका बौद्ध मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत, नऊ शिष्यांसह 'कोदोकान' ही आपली शाळा उघडली. जीवघेणे डाव त्यांनी मोकळ्या झुंजीतून वगळले. पाडण्याइतकेच, इजा न होता पडावे कसे, यालाही महत्त्व दिले. ज्यूदो म्हणजे मृदुतेचा मार्ग. प्रतिपक्ष्याने ढकलले असता अडून राहू नये. सरावे, आणि त्याचा तोल ढळताच त्याच्याच जोराने त्याला पाडावे. पुरातल्या लव्हाळ्याचा दृष्टांत ठाऊक असलेल्या आपणांस हे निराळे सांगावयास नको. शक्तीचा उत्तम विनियोग आणि परस्परांचे कल्याण, ही कानोंची दोन सूत्रे होत. समोरचा जोडीदार आपला देह आपल्या स्वाधीन करतो, म्हणूनच आपण शिकतो. त्याला इजा करणे म्हणजे स्वतःची विद्या बुडविणे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्यूदोचा प्रथम समावेश झाला. खुल्या गटाच्या अंतिम सामन्यात हॉलंडच्या अँटन गेसिंक यांनी जपानच्या कामिनागांना जपानी प्रेक्षकांसमोरच हरविले. हर्षभरित देशबांधव मैदानात धावू लागताच गेसिंक यांनी हात उंचावून त्यांना थोपविले. पराभूताचा मान राखणाऱ्या त्या एका हाताने, कानोंची विद्या परक्या भूमीतही खरी रुजली आहे, हे दाखवून दिले.

आता दुसरा प्रश्न. कानोंच्या त्याच गुरूंची नात, केइको फुकुदा, १९३५ साली कोदोकानात दाखल झाली. परंतु स्त्रियांना पाचव्या श्रेणीपलीकडे जाऊ न देण्याचा तेथे नियम होता. कितीही विद्या मिळविली तरी दार बंद! त्या नियमाविरुद्ध आवाज उठला, तेव्हा १९७२ साली त्यांना सहावी श्रेणी मिळाली. २०११ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, अमेरिकेतील एका ज्यूदो संघटनेने त्यांना सर्वोच्च दहावी श्रेणी दिली. स्त्रियांच्या ज्यूदोला ऑलिंपिकमध्ये पदकाचे स्थान मिळण्यास मात्र १९९२ साल उजाडावे लागले.

बंधुभगिनींनो, जी विद्या घराण्याच्या भिंतींत कोंडली गेली ती मरणपंथास लागली होती. जिने दारे उघडली ती जगाची झाली. मुलगी दहावीत गेली की तिचा वर्ग आपण प्रथम बंद करतो, मुलाचा मात्र चालू ठेवतो. ती पाचव्या श्रेणीची भिंत आपल्याच घरात आहे, हे ओळखावे. आपल्या संस्थेचे सभागृह सकाळी रिकामे असते. तेथे असा एक वर्ग सुरू व्हावा, त्यात मुलींना समान स्थान असावे, आणि शेजारच्या मुलांना, ती कोणत्याही ज्ञातीची असोत, मुक्त प्रवेश मिळावा, अशी आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. आरंभास बारा चटया पुरतात, हे आपण ऐकलेच.