साठ वर्षं टिकलेला आवाज



मी गोदीतला हमाल. शिक्षण मॅट्रिक. मुंबईहून इथं कळंबला आलोय ते वामनदादा कर्डकांबद्दल बोलायला. सत्यशोधकांचे जलसे ही पहिली लाट. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे ही दुसरी. त्या लाटेतूनच वामनदादा उठले. 1922 चा जन्म, सिन्नरकडची देशवंडी. मुंबईत मजुरी केली. अक्षर ओळखलं ते मोठेपणी. 1943 ला पहिलं गाणं रचलं, ते 2004 ला डोळे मिटेस्तोवर थांबले नाहीत.

विलायतेत 1976 च्या सुमारास पंकवाली पोरं म्हणाली, उस्तादी गेली खड्ड्यात, उभे राहा नि वाजवा. दादांनी हे 33 वर्षं आधीच केलं! पहिल्या गाण्याची चाल सिनेमातली, शब्द आपले. चाल लोकांच्या कानात होतीच, म्हणून गाणं लगेच तोंडी बसलं. तोंडात बसलेलं गाणं कोण जप्त करणार?

आणि आज? माझ्या वस्तीत 14 एप्रिलला डीजेला हजारो रुपये, शाहिराला कटिंग चहा. दादांची गाणी दणाणतात, नवी ओळ कुणी रचत नाही. हे दादांना जपणं नव्हे, पुरणं आहे. पाठीवर पोतं असताना मी ओळ जुळवतो. तुम्हीही जुळवा. चुकली तर चुकली, पण आपली असू द्या.