गोळा झिजतो, तो जातो कुठे?



माझ्या आजीकडे जात्याला टाकी लावायला माणूस येत असे. टाकी लावून झाली की पहिलं दळण आजी बाजूला काढायची आणि ते गुरांपुढे ठेवायची. दगडाची कच त्यात उतरलेली असते, हे तिला कुणी शिकवायला लागलं नव्हतं. पुढे ठाणे आणि डोंबिवलीच्या रंगद्रव्यांच्या कारखान्यांत माझी तीस वर्षं गेली. आजीला कळत होतं तेच आपण बॉल मिलच्या गोळ्यांची ऑर्डर देताना विसरतो, हे तिथं मी वारंवार पाहिलं.

कापड रंगवायचा रंग बहुधा पाण्यात विरघळतो. ऑइलपेंटमधलं, छपाईच्या शाईतलं रंगद्रव्य विरघळत नाही, ते दळावंच लागतं. त्यासाठी बॉल मिल, म्हणजे आडवं, बंद पिंप, निम्म्याच्या आसपास गोळ्यांनी भरलेलं. गोळ्यांच्या फटी भरून वर जेमतेम चढेल इतका माल. पिंप फिरलं की गोळे एका अंगानं वर चढतात, घरंगळत खाली येतात आणि त्यांच्यामध्ये माल चिरडला जातो. 1 मीटर व्यासाची मिल मिनिटाला साधारण 42 फेरे घेऊ लागली, तर गोळे भिंतीला चिकटून नुसते गरगरतात. म्हणून ती 25 ते 30 फेऱ्यांवर ठेवायची. माल कमी भरला तर गोळे एकमेकांवर आपटतात, आणि मग मालाऐवजी गोळेच दळले जातात.

आता गोळा कोणता घ्यायचा? माझ्या मते पहिला प्रश्न भावाचा नाही, मालाच्या रंगाचा आहे. पोलाद पाण्याच्या सुमारे 7.8 पट जड, गारगोटी जेमतेम 2.6 पट. त्याच आकाराचा पोलादी गोळा तिप्पट वजनानं पडतो, त्यामुळे काम लवकर उरकतं. रेड ऑक्साइडचा प्रायमर असेल तर पोलाद खुशाल वापरा, कारण ते रंगद्रव्य मुळात लोखंडाचंच. झिजलेला कण त्यात दिसत नाही. काळ्यालाही चालतं. पांढऱ्याचं मात्र तसं नाही. टिटॅनियम डायऑक्साइड कठीण असतं, ते पोलाद खरवडतं आणि झिजलेलं पोलाद त्यालाच करडं करतं. एका कारखान्यात घाईनं पांढरी पेस्ट पोलादी मिलमध्ये घेतली होती. रात्रपाळीनंतर झाकण उघडलं तेव्हा राखेच्या रंगाचा माल बाहेर आला. तो पुन्हा पांढरा करायचा उपाय नव्हता. काळ्या बॅचमध्ये थोडा थोडा मुरवत बसलो. पांढरा, फिका पिवळा यांच्यासाठी चिनीमातीचे किंवा ॲल्युमिनाचे गोळे आणि तसंच अस्तर असलेली मिल, हाच मार्ग. त्या अस्तराच्या मिलमध्ये पोलादी गोळे टाकू नयेत, अस्तर तडकतं.

पोलाद ठरलं, तरी पोलादात प्रकार आहेत. ठोकून घडवलेला फोर्ज्ड गोळा चिवट असतो, मार खातो पण तुलनेनं लवकर झिजतो. जास्त क्रोमियमचा ओतीव गोळा कडक, गंजाला टिकणारा. पण उंचावरून आपटत राहिला तर फुटू शकतो. फुटलेल्या गोळ्याची धारदार कपची अस्तर खाते. ओतीव गोळ्यात आत पोकळी राहण्याचाही धोका असतो. ती ओळखायला तराजू पुरतो. 50 मिलिमीटरचा पोलादी गोळा साधारण 500 ग्रॅमच्या वर भरला पाहिजे, 25 मिलिमीटरचा 60 ग्रॅमच्या वर. त्याच मापाचा गोळा बराच हलका भरला, तर तो परत पाठवा.

माप निवडतानाही लोक चुकतात. मोठा गोळा जोरात पडतो हे खरं, पण 25 मिलिमीटरच्या एका गोळ्याच्या वजनात साडेबाराचे आठ गोळे बसतात आणि दळणारा पृष्ठभाग दुप्पट होतो. मालातला सर्वांत मोठा दाणा फुटेल इतकाच मोठा गोळा घ्यावा, त्याहून मोठा नको.

आणि भाव. खरेदी विभाग किलोचा दर बघतो. समजा एक गोळा दीडपट महाग आहे, पण त्याच कामात निम्माच झिजतो. म्हणजे 100 रुपयांच्या झिजेऐवजी 75 रुपयांची झीज. शिवाय मालात उतरणारं लोखंड निम्मं झालं, ते कुठल्याच बिलात दिसत नाही.

नवे गोळे आले की आजीची रीत पाळा. वाळू आणि पाणी घालून मिल काही तास फिरवा, ते पाणी टाकून द्या, मिल धुवा, मगच माल भरा.

मिलवर काम करणाऱ्या माझ्या भावांना आणि बहिणींना एकच विनंती. येत्या साप्ताहिक सुट्टीआधी मिल थंड होऊ द्या, वीज तोडून स्विचला कुलूप लावा, कोंडलेली सॉल्व्हंटची वाफ हळूहळू सोडा. मग 100 गोळे काढा, धुवा, पुसा, वजन करा आणि तो आकडा तारखेसह वहीत लिहा. पुढच्या महिन्यात पुन्हा 100 गोळे मोजा. गोळ्यांची पुढची ऑर्डर त्या वहीवरून द्या.