जाळीचे कापड



जाळी म्हटली की पूर्वी मच्छरदाणी आठवे. आता लेकीसुनांच्या ओढण्या, साड्या आणि नातींचे फ्रॉकही जाळीचे असतात. पूर्वी अशी जाळी हातांनी करीत. इंग्लंडात जॉन हीथकोट याने १८०९ साली तिच्या यंत्राचे पेटंट घेतले. आजची जाळी बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टरची असते.

जाळीत धागा थोडा, भोके फार. म्हणून सारा ताण एका जागी पडू देऊ नये. धुण्यापूर्वी अंगठी काढावी, बांगड्या मागे साराव्यात. कोमट पाण्यात साबण विरघळवून कापड हलकेच दाबावे; चोळू अगर पिळू नये. पंचात गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत आडवे पसरावे. काटेरी कुंपणावर तर मुळीच टाकू नये. इस्त्री अगदी कोमट, तीही वर सुती फडके घालून. मशीनवर शिवताना खाली पातळ कागद धरावा, म्हणजे जाळी आत ओढली जात नाही; मागाहून कागद फाडून टाकावा.

शेवटची गोष्ट मात्र सर्वांत मोठी. ही जाळी पेटली की वितळून कातडीला चिकटते. दिवाळीत पणत्या लावणाऱ्या मुलीला सुती परकर-पोलकेच घालावे. चुकून भाजलेच, तर वीस मिनिटे थंड पाणी सोडावे, चिकटलेले कापड ओढू नये आणि लगेच दवाखाना गाठावा.

फ्रॉक फाटला तर दुसरा शिवता येईल, भगिनींनो, पोरीला जपा.