गाणें कोणीं रचिलें?

नांवाजलेले गीतकार आपलें गाणें कसें सुचलें तें कौतुकानें सांगतात. जव्हार-मोखाड्यास मी मास्तर होतों, तेथें निराळेंच ऐकलें.

वारल्यांचें लग्न धवलेरी लावते. घरांतल्या भिंतीवर सुवासिनी चौक लिहितात, चौकांत पालघाट देवी असते, आणि धवलेरी गात असते. सारें तोंडपाठ! आम्हांस मुलांकडून चार कविता पाठ करवून घेतां घाम फुटे.

एकदां मीं तिचें गाणें उतरून घेतलें व विचारिलें, "आजी, हें रचिलें कोणीं?"

"आयशीकडून आलं, मास्तर."

पुढच्या लग्नांत ताडून पाहतों, तों ओळी निराळ्या! चूक दाखविली, तर म्हणाली, "नवरी निराळी नाय का?" तांबडी पेन्सिल मीं खिशांत ठेविली.

तारप्याचेंहि तसेंच. दुधी भोपळा, बांबू व ताडाचें पान यांचें हें वाद्य. वादक चाल बदलतो तशीं नाचणाऱ्यांचीं पावलें बदलतात. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा २०२२ चा पुरस्कार मिळाला. त्यांची विद्याहि पिढीजातच.

माझी धवलेरी आतां नाहीं. गेल्या वर्षीं तिची नात ती वही मागावयास आली. वाचतां वाचतां तिनें दोन ओळी बदलल्या. मीं बदलूं दिल्या.